गिटार ॲम्पचा क्लीन टोन: फेंडर, व्हॉक्स, मार्शल, जेसी... वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला माझ्याकडे दर रविवारी सकाळी तीनचार जण गिटार घेऊन टपकतात आणि दर रविवारी कोणीतरी नवीन येऊन गिटारच्या ॲम्पबद्दल (ॲम्प्लिफायर हो, फेंडर, व्हॉक्स, मार्शल असल्या कंपन्यांचे) तेच प्रश्न विचारतो, मग मी तेच उत्तर देतो, तोवर चहा गार होतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलंय. मी इंजिनियर नाहीये, वीसेक वर्षं वाजवतोय आणि त्यातली निम्मी टोनच्या नादात वाया घालवलीयत, एवढीच माझी पात्रता. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडायला या.

क्लीन म्हणजे क्लीन. त्यात तुलना कसली करायची? सगळे ॲम्प सारखेच नाही का वाजणार?

नाही ना. हाच तर सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दोन तानपुरे घ्या, अगदी एकाच सुरात लावा, एकाची जवारी खुली आणि एकाची बंद. सूर तोच, तार तीच, पण एक झणझणतो आणि दुसरा गोल, शांत वाजतो. दोन्ही बेसूर नाहीयेत, दोन्ही फाटलेले नाहीयेत, तरी डोळे मिटून कोणीही सांगेल की हे वेगळे आहेत. ॲम्पच्या क्लीन टोनचं डिट्टो तसंच आहे.

क्लीनचा अर्थ एवढाच की आवाज फाटत नाहीये. त्याला रंग नाही असा अर्थ होत नाही. पिकअपमधून (गिटारच्या तारांखालचं ते चुंबक आणि कॉइल) येणारा सिग्नल अगदी किरकोळ असतो, तो मोठा करता करता ॲम्प चार ठिकाणी त्याला हात लावतो, आधी प्रीॲम्प (सिग्नल पहिल्यांदा वाढवणारा भाग), मग टोनचे नॉब, मग पॉवर सेक्शन (स्पीकर हलवायची ताकद देणारा) आणि शेवटी स्पीकर. त्यात गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, तिथून पुढे आवाज धाडकन खाली येतो, आणि ते चांगलंच आहे. खोटं वाटत असेल तर गिटार थेट घरच्या हायफायला लावून बघा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजेल. म्हणजे ज्याला आपण 'शुद्ध' गिटार टोन म्हणतो तोसुद्धा ॲम्पने शिजवलेलाच असतो.

मग 'हेडरूम' हेडरूम म्हणतात ते काय?

तुम्ही जोरात स्ट्रम केल्यावर आवाज फाटायच्या आधी ॲम्पकडे किती जागा शिल्लक आहे, ती हेडरूम. जास्त हेडरूम म्हणजे चांगला ॲम्प असं मात्र अजिबात नाही. कमी हेडरूमवाल्या ॲम्पचा क्लीन कितीतरी वेळा जास्त जिवंत वाटतो, कारण तो फाटायच्या काठावर उभा असतो.

'फेंडर क्लीन' म्हणजे नक्की काय?

लोक हे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यात ब्लॅकफेस काळातले ॲम्प असतात, म्हणजे साधारण १९६३ ते १९६७. काळं पॅनल, चंदेरी जाळी, आत स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून आवाज घुमवायची सोय. ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब, प्रिन्स्टन रिव्हर्ब ही ती घराणी. मोठ्यांत ६एल६ व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या, सिग्नल त्याच वाढवतात), छोट्यांत ६व्ही६.

यांच्या टोनचं गुपित मिडमध्ये, म्हणजे बेस आणि ट्रेबलच्या मधल्या पट्ट्यात आहे. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये मिड कायमच खाली गेलेले असतात, नॉब पाचवर असले तरी, साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास एक खड्डाच असतो (खड्ड्यांबद्दल पुणेकराला मी काय सांगायचं). त्यामुळे खाली बेस गोल, वर ट्रेबल काचेसारखा, आणि मधली जागा गायकासाठी मोकळी. गाण्याच्या मागे कॉर्ड वाजवायला हा टोन इतका का चालतो त्याचं उत्तर हेच, तो गायकाच्या अंगावर जात नाही. पण हेच त्याचं दुखणंही आहे, घरी एकट्याने वाजवताना अप्रतिम वाटणारा आवाज बँडमध्ये ड्रम आणि कीबोर्डच्या खाली गायब होतो. मग लोक व्हॉल्यूम वाढवतात, तर मिड वाढवायला हवेत.

एक गंमत करून बघा. ट्विनवर ट्रेबल, मिड, बेस तिन्ही शून्यावर न्या. आवाज बंद! ॲम्प बिघडला म्हणून घाबरू नका, ते सर्किटच तसं आहे. आता फक्त मिड दहावर न्या, बाकी दोन्ही शून्यावरच ठेवा. फेंडरवर जवळपास सपाट म्हणता येईल असा टोन इथे मिळतो, आणि तो ऐकला की कळतं की बाकी वेळ आपण किती मेकअप केलेला आवाज ऐकत असतो.

आणि हो, फेंडर म्हटलं की सगळे असे नाहीत. पन्नाशीच्या दशकातले ट्वीड ॲम्प, म्हणजे कापड चिकटवलेले ते पिवळसर डबे, त्यांत मिड भरपूर आणि फाटायची घाई. '५९ चा बासमन त्यातलाच, त्याची गोष्ट पुढे मार्शलच्या प्रश्नात येईल.

ट्विन घेऊ का डिलक्स?

पाठीचं दुखणं आहे का आधी सांगा. ट्विन ८५ वॅटचा, बारा इंची दोन स्पीकर, वजन साधारण २९ किलो. डिलक्स २२ वॅटचा, एक बारा इंची, साधारण १९ किलो.

टोनचं बोलायचं तर ट्विन सरळ माणूस आहे. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये एसी विजेची डीसी करायला डायोड आहेत म्हणून तुम्ही कितीही जोरात मारा, तो लगेच जिथल्या तिथे उत्तर देतो, लचकत नाही. कंट्री वाजवणारे किंवा पेडलचा (पायाने दाबायचे, आवाज बदलणारे डबे) ढीग लावणारे म्हणूनच त्याच्यावर जीव टाकतात. डिलक्समध्ये रेक्टिफायरसुद्धा, म्हणजे तेच काम करणारा भाग, व्हॉल्व्हचा असतो, जोरात कॉर्ड मारली की व्होल्टेज क्षणभर बसतं आणि आवाज थोडासा दबून परत वर येतो, हा जो झोल आहे ना, बोटांना तो फार गोड लागतो. व्हॉल्यूम चार-पाचच्या पुढे गेला की डिलक्स कुरकुरायला लागतो, ट्विन त्या जागी नुसता मोठा होत जातो आणि समोरची पहिली रांग उठून जाते.

घरात आणि छोट्या कार्यक्रमात डिलक्स, हे माझं ठाम मत. ट्विनला दोनच्या वर नेल्याशिवाय त्याचा स्पीकर नीट हलतच नाही, आणि फ्लॅटमध्ये दोनच्या वर न्यायचं म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय पत्रिकेवर आपलं नाव.

व्हॉक्सचा 'चाइम' म्हणजे काय हो? सगळे म्हणतात, कोणी समजावून सांगत नाही.

वरचा तानपुरा आठवा, खुल्या जवारीचा. तेच.

आता जरा सविस्तर. व्हॉक्सचा प्रसिद्ध ॲम्प एसी३०, इंग्लंडमधला, केंट परगण्यातल्या डार्टफर्डचा. आधी १९५८ मध्ये एसी१५ आला, डिक डेनी नावाच्या माणसाचं डिझाईन, पण हँक मार्विनच्या शॅडोज बँडला ओरडणाऱ्या पोरींच्या वर ऐकू जायला जास्त ताकद हवी होती म्हणून तो जवळजवळ दुप्पट करून एसी३० केला. आत चार ईएल८४ व्हॉल्व्ह. तुमच्या आजोबांच्या घरी तो मोठा लाकडी रेडिओ असेल, जो लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा आणि मग हळूहळू बातम्या उगवायच्या, तशा जुन्या रेडिओंत पण हा व्हॉल्व्ह वापरायचे.

फेंडरच्या ब्लॅकफेसमध्ये आउटपुटचा थोडा भाग परत मागे पाठवून आवाज काबूत ठेवलेला असतो, त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. एसी३० मध्ये तो प्रकार नाही. लगाम नाही म्हटल्यावर वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या वर उमटणारे बारीक उपस्वर) मोकाट सुटतात, आणि 'आता क्लीन, आता फाटलं' अशी रेषच नसते, हळूहळू दाट होत जातं. टॉप बूस्ट नावाच्या, जास्त ट्रेबलच्या चॅनलवर कॉर्ड मारली की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, वर एक झिलई असते. त्यात मूळचे सेलेशनचे निळे आल्निको (चुंबकाचा एक मिश्रधातू) स्पीकर असले तर विचारूच नका.

नॉबच्या बाबतीत व्हॉक्स जरा तिरसट आहे. टॉप बूस्टला फक्त ट्रेबल आणि बेस, दोन्ही एकमेकांत लुडबुड करतात, दोन्ही वर नेले की मिड गायब, दोन्ही खाली आणले की मिड परत. आणि तो 'टोन कट' नावाचा नॉब उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. दुकानात निम्मे लोक तो पूर्ण डावीकडे ठेवून वाजवतात आणि म्हणतात व्हॉक्स कानाला टोचतो.

माझ्या मते खरा एकदम स्वच्छ क्लीन हवा असेल तर व्हॉक्स तुमचा नाही. त्याचा क्लीन किंचित मळलेलाच असतो आणि म्हणूनच तो सुंदर आहे.

एसी३० 'क्लास ए' (व्हॉल्व्ह सतत चालू ठेवायची पद्धत) आहे ना?

जाहिरातीत आहे. पूर्ण जोरात वाजवताना नाही. टोन आवडला तर घ्या, त्या अक्षरासाठी पैसे देऊ नका.

मार्शलचा पण क्लीन असतो का? तो तर रॉकवाल्यांचा.

असतो आणि भारी असतो, फक्त कोणी तिथे थांबत नाही. जिम मार्शल मूळचा ड्रमर, लंडनच्या हॅनवेलला त्याचं ड्रमचं दुकान. गिऱ्हाईक गिटारवाले म्हणायला लागले की आम्हाला फेंडर परवडत नाही, तर १९६२ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी मिळून फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच, पण पार्ट इंग्लंडमध्ये मिळणारे, पहिला व्हॉल्व्ह जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा, आणि उघड्या पाठीच्या दहा इंची चार स्पीकरच्या जागी बंद पेटीत बारा इंची चार सेलेशन. म्हणजे रेसिपी मावशीचीच, पण चूल वेगळी, तेल वेगळं, पातेलं वेगळं, आणि चव पार बदलली.

जुन्या पद्धतीच्या मार्शलचा क्लीन जाड असतो, मिड पुढे, थोडा घोगरा. त्यात दोन चॅनल आणि चार इनपुट असतात, लोक छोट्या केबलने दोन्ही चॅनल जोडून घेतात आणि मग दोन्ही व्हॉल्यूम मिसळून हवा तो रंग काढतात. क्लीनसाठी खरी युक्ती अशी की ॲम्प थोडा वर ठेवायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब चारपाचवर आणायचा. तो नॉब बहुतेक पोरांना माहितीच नसतो, जन्मभर दहावर.

हायवॉट?

डेव्ह रीव्हजचे ॲम्प, इंग्लंडचेच. डीआर१०३ म्हणजे १०० वॅट, फेन स्पीकर, तोफखान्यासारखी बांधणी. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर आणि द हूचा पीट टाउनशेंड या गिटारवाल्यांमुळे प्रसिद्ध. क्लीन प्रचंड सरळ, मोठा, भरीव, पेडलसाठी उत्तम. मी आयुष्यात एकदाच वाजवलाय, दहा मिनिटं, आणि पँट थरथरत होती हे आठवतंय. फ्लॅटवाल्याने विसरून जायचं.

जेसी-१२० (जॅझ कोरस) तर ट्रान्झिस्टरचा. व्हॉल्व्ह नाही म्हणजे कमी दर्जाचा ना?

अरे बाबा नाही! ही अंधश्रद्धा कधी जाणार. रोलँडने १९७५ मध्ये काढलेला हा ॲम्प, ६० वॅटचे दोन पॉवर सेक्शन, बारा इंची दोन स्पीकर, आणि अजून विकला जातो. पन्नास वर्षं उगीच टिकत नाही कोणी. आपल्याकडे भाड्याच्या रिहर्सल रूममध्ये कुठे ना कुठे एक असतोच, नॉब तुटलेला, वर कोणीतरी चहाचा ग्लास ठेवल्याचा गोल डाग, पण चालू.

त्याचा क्लीन थंड आहे. पहाटे पाच वाजता तळजाई टेकडीवर जी हवा असते ना तशी. जे गिटारमधून जाईल ते बाहेर येतं, वाईट वाजवलंत तर वाईट येतं, ॲम्प पांघरूण घालत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प जोरात मारल्यावर किंचित दाबतो, टोकं गोल करतो, त्याने आपले हात बरे वाटतात. जेसी आरसा आहे. म्हणूनच जॅझ आणि पोस्ट-पंकवाले त्यावर खूश, आणि हेवी मेटलवाल्यांनी पण क्लीन भागांसाठी तो वापरलाय.

आणि त्याचा कोरस! एका स्पीकरमधून साधा आवाज जातो, दुसऱ्यातून किंचित मागेपुढे डोलणारा, आणि दोन्ही मिसळतात ते वायरमध्ये नाही तर खोलीतल्या हवेत. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये एकाच माईकने तो पकडायला गेलात तर हिरमोड होतो. ॲम्पच्या समोर सहासात फुटांवर उभं राहा, मग कळेल. त्यावर एक डिस्टॉर्शनचा नॉब पण आहे. त्याच्याकडे बघू नका, आपण त्या गावचेच नाही असं वागायचं.

पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प तीस वॅटच्या ट्रान्झिस्टरपेक्षा मोठा वाजतो म्हणे, हे कसं शक्य आहे? वॅट म्हणजे वॅट ना?

वॅट म्हणजे वॅटच, पण कान वॅट मोजत नाही. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे '१०० वॅट हा ५० च्या दुप्पट मोठा' हे साफ चूक, थोडासाच मोठा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. २२ च्या डिलक्सच्या दुप्पट हवा असेल तर हिशोब करा, २२० होतात.

मग व्हॉल्व्हवाला मोठा का वाटतो तर तो हद्द ओलांडतो तेव्हा गोडीत ओलांडतो, आपण अजून थोडा वाढवतो, अजून थोडा वाढवतो. ट्रान्झिस्टर हद्दीवर आला की कर्कश होतो म्हणून आपण आधीच थांबतो. आणि तिसरं, स्पीकर. एक स्पीकर एका वॅटला ९७ डेसिबल देतो, दुसरा १००, म्हणजे फक्त स्पीकर बदलून तुम्ही वॅट दुप्पट केल्यासारखं झालं. हे कोणी सांगत नाही कारण स्पीकर विकण्यात ग्लॅमर नाही.

दुकानात जाऊन तुलना कशी करायची? मला सगळेच छान वाटतात.

कारण जो मोठा लावलेला असतो तो छान वाटतो, हा कानाचा गुण आहे, दोष म्हणा. हळू आवाजात आपल्याला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. त्यामुळे तुलना करताना पहिलं काम दोन्ही ॲम्प सारख्या मोठ्या आवाजावर आणणं. फोनवर आवाज मोजायचं फुकट ॲप असतं, ते आकड्याला अचूक नसेल पण दोन ॲम्पमध्ये फरक दाखवायला पुरे. तेवढंच अंतर, तीच उंची, तोच फोन.

दुसरं, स्वतःची गिटार न्या. दुकानात भिंतीवरची चकचकीत गिटार देतात, हंबकर (दोन कॉइलच्या, जाड आवाजाच्या) पिकअपवाली, आणि मग घरी आपल्या सिंगल कॉइल पिकअपच्या टेलीवर (फेंडरची टेलिकास्टर गिटार) तोच ॲम्प कुऱ्हाडीसारखा वाजतो.

तिसरं, रिव्हर्ब बंद करा. हे ऐकाच माझं. रिव्हर्ब म्हणजे मिसळीवरची शेव, खाली काय आहे ते दिसत नाही.

मग काय वाजवायचं? सोलो नाही. मोकळ्या जी कॉर्डला एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात, आणि शेपूट संपेपर्यंत ऐका. नंतर जाड तारांवर एक छोटी ओळ, बेस घट्ट आहे का पसरतोय ते कळतं. मग पातळ दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या वर, इथे स्वस्त ॲम्प उघडे पडतात, स्वर बारीक सुईसारखा होतो. आणि शेवटी गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून परत सगळं. एवढं केलं तर वीस मिनिटं लागतात, दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

आम्ही गेल्या पावसाळ्यात हा उद्योग केला. माझा डिलक्स, मित्राचा एसी१५, आणि रिहर्सल रूममधला जेसी, तिन्ही एका खोलीत, एकच टेली, वाजवणारा एकच, बाकी चौघं भिंतीकडे तोंड करून बसलेले. व्हॉक्स सगळ्यांनी ओळखला. पण डिलक्स आणि जेसीमध्ये हळू वाजवताना दोघं चुकले, ज्यातला एक मीच होतो आणि डिलक्स माझा स्वतःचा आहे. जोरात मारल्यावर मात्र फरक लगेच उघडा पडला. यावरून मी जे शिकलो ते असं की क्लीन टोनचा स्वभाव हळू वाजवताना कळत नाही, मार पडला की कळतो.

स्पीकर बदलून खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. पेडलवर वीस हजार घालणाऱ्याने आधी स्पीकर बदलावा. जेन्सनसारखा स्पीकर वर कुरकुरीत, सेलेशनचा ग्रीनबॅक मिडला मऊ. उघड्या पाठीची पेटी खोलीभर आवाज पसरवते, बंद पेटी समोर ठोसा मारते. आणि तुम्ही ऐकताय कुठून? ॲम्प जमिनीवर, कान पाच फुटांवर, म्हणजे तुम्ही गुडघ्यांचा टोन सेट करताय. खुर्चीवर ठेवा, मागे कलवा, तुमचे निम्मे प्रॉब्लेम फुकटात सुटतील.

आता एवढ्या मॉडेलरच्या (ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रांच्या) जमान्यात खरा ॲम्प घ्यायचा कशाला?

घेऊ नका, मी कुठे म्हणतोय घ्या. फेंडरने स्वतःच २०१९ मध्ये टोन मास्टर डिलक्स काढला, आत एकही व्हॉल्व्ह नाही, वजन निम्म्याच्या आसपास, आणि पाठ फिरवून ऐकलं तर मला पैज लावायची हिंमत होणार नाही. बॉसचा कटाना २०१६ पासून आपल्याकडे घराघरात पोचलाय, त्याच्या ५० वॅटच्या मॉडेलला अर्ध्या वॅटवर आणायचा स्विच आहे, फ्लॅटसाठी वरदान. लॅपटॉपवर एनएएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लोकांनी आपापल्या ॲम्पचे नमुने टाकलेत.

एकच सांगतो, हेडफोनवर मॉडेलरचा क्लीन पोकळ वाटतो तेव्हा मॉडेलला शिव्या देऊ नका. तुम्ही खोलीतला ॲम्प ऐकत नाही आहात, माईक लावून रेकॉर्ड केलेला ॲम्प ऐकताय, खरा ॲम्पही माईकमधून असाच वाजतो. थोडा खोलीचा रिव्हर्ब घाला आणि बेस जरा कापा.

भाऊ अमेरिकेहून जुना फेंडर आणतोय. प्लग बदलला की झालं ना?

थांबा!! नुसता प्लग बदलू नका. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आमच्यातल्या एकाने हेच केलं, प्रवासातला अडॅप्टर लावला, स्विच दाबला, एक 'फट्' आणि जळकट वास. नशीब फ्यूजवर निभावलं. नंतर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो घेताना ॲम्पच्या मागे लिहिलेले वॅट बघा (आवाजाचे नाही, वीज खाण्याचे, ते कितीतरी जास्त असतात) आणि त्याच्या वर भरपूर मोकळीक ठेवा, नाहीतर तोच तापून गुंग-गुंग करत बसतो.

आणि कृपा करून आत हात घालू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये चारशेच्या वर व्होल्ट सहज असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. रेडिओ दुरुस्त करणारे जुने काका अजून शोधले तर सापडतात, त्यांना द्या. लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्तीवालाच होता, गिटार वाजवता यायची नाही त्याला.

गणपतीत मांडवात वाजवलं तेव्हा क्लीन चॅनलवर नुसती घूंऽऽ आणि माईकला ओठ लागला की झटका. ॲम्प खराब आहे का?

ॲम्प नाही, अर्थिंग खराब आहे. किंवा नाहीच आहे. मांडवात जनरेटर, लायटिंग, पीए सगळं वेगवेगळ्या बोर्डवरून ओढलेलं असतं, मग तुमच्या गिटारच्या तारा एका अर्थला आणि माईक दुसऱ्या, मधे तुम्ही. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, याने माणसं गेली आहेत. ॲम्प आणि माईकचा मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, टेस्टर किंवा मीटरने बघा, आणि घूं घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याला प्रसाद देऊन रवाना करा.

पावसाळ्यात नॉब फिरवला की खरखर येते.

पॉटमध्ये (नॉबच्या आतला फिरणारा पार्ट) ओल आणि धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, वीसपंचवीस वेळा फिरवा. झालं.

बाबा ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे, आता निवृत्त झालेत, परत सुरू करतायत. त्यांना कोणता ॲम्प बरा?

वा, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कारण इलेक्ट्रिक गिटार ॲम्पचं मूळच तिथे आहे. लिओ फेंडरने डॉक कॉफमनबरोबर १९४५ मध्ये जो के अँड एफ नावाचा धंदा काढला त्यात ते मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन स्टील गिटार आणि त्यांचे छोटे ॲम्पच बनवायचे. आपण उभ्याने वाजवणारे नंतर आलो.

हवाईयनला स्वर लांबवर टिकायला हवा आणि मींड काढताना मधेच टोन बदलायला नको. ब्लॅकफेस पद्धतीचा क्लीन, मिड जरा वाढवून, ट्रेबल जरा उतरवून, रिव्हर्ब तीनवर. जेसी पण चालेल, जेसीतच जेसी-२२ म्हणून छोटा येतो, ३० वॅटचा, घरात पुरतो आणि उचलायला हलका, पण काकांना कोरसचं बटण दाखवू नका, एकदा लावलं की ते काढत नाहीत, अनुभव आहे. व्हॉक्स मी सुचवणार नाही, वरच्या पट्टीत स्टीलचा बार आणि व्हॉक्सचा ट्रेबल एकत्र आले की कान सोलून निघतात.

तुझ्याकडे येऊन ऐकता येईल का?

या की. रविवारी दहाला. आपली गिटार आणि आपली केबल आणा, माझ्या केबल परत मिळत नाहीत. एक वाजता सगळं बंद, खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपतात आणि त्यांनी आजवर एकदाही तक्रार केली नाहीये, ती वेळ मला येऊ द्यायची नाही. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. ट्विन घेऊन येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मी घरी नसेन.